पैलवानाची टाच आणि बापाची पाठ

२०१८ चा जून. शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल. तासगाव तालुक्यातलं एक जोडपं मुलाला घेऊन सांगलीत माझ्या दवाखान्यात आलं. मुलगा अकरा वर्षांचा, अंगानं दणकट, पण आत येताना उजवी टाच जमिनीला टेकवत नव्हता. घरात त्याला सगळे पैलवान म्हणायचे, म्हणून इथंही तेच म्हणतो. कुटुंबाला विचारूनच हे लिहितोय. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. आजाराचा क्रम आणि माझ्या चुका मात्र आहेत तशाच ठेवल्यात.

आईनं पहिलं वाक्य बोललं ते असं: "डॉक्टर, पोरगं सकाळी उठतंय ते म्हाताऱ्यागत. भितीला धरून मोरीपतोर जातंय. धा वाजलं की पळाय लागतंय."

सकाळी आखडणं आणि हालचालीनं मोकळं होणं ही सुजेची चाल, म्हणजे निदानाचा निम्मा भाग या तीन वाक्यांत होता. आणि माझ्याआधी चौघांना तिनं हेच सांगितलं होतं.

मागचं वर्ष असं गेलेलं. पैलवान गावच्या तालमीत जायचा. २०१७ च्या उन्हाळ्यात टाच दुखायला लागली. वस्ताद म्हणाले मुका मार आहे, तेल लावा. मग हाड बसवणाऱ्याकडं नेलं. त्यानं नस चढली म्हणून पाय ओढून दिला. दिवाळीत उजवा गुडघा नारळाएवढा सुजला. एका ठिकाणी गुडघ्यातलं पिवळसर पाणी काढलं. दुसऱ्या ठिकाणी रक्तात एएसओ वाढलेला दिसला, 'संधिवाताचा ताप' असं सांगितलं गेलं आणि दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू झालं. सात महिने पोराच्या कमरेत ती सुई जात होती. त्या इंजेक्शनाला केवढी कळ येते ते ज्यानं घेतलंय त्यालाच ठाऊक.

या एएसओबद्दल थोडं रागानं लिहितो, कारण सुरुवातीच्या वर्षांत मीही हेच केलंय. एएसओ वाढला याचा अर्थ एवढाच की मागच्या काही आठवड्यांत घशाला एका ठरावीक जंतूची लागण झाली होती. शाळकरी पोरांत ती सर्रास होते. त्या तापातला सांधा या गुडघ्यावरून त्या घोट्यावर फिरतो, प्रचंड दुखतो आणि थोड्या दिवसांत साफ बरा होतो. एकाच गुडघ्यात सात महिने मुक्काम ठोकत नाही. हृदयाची इको नॉर्मल होती. पेनिसिलिन थांबवलं.

तपासताना गुडघ्यात पाणी होतंच. पण जास्त बोलकी होती ती टाच. घोट्यामागची जाड शीर टाचेच्या हाडाला जिथं चिकटते तिथं बोट ठेवल्याबरोबर पोरगं कळवळलं. तळव्यालाही तसंच, गुडघ्याच्या वाटीखालीही तसंच. स्नायूची दोरी हाडाला जिथं रुजते त्या जागेच्या सुजेला एन्थेसायटिस म्हणतात. मुका मार एका जागी लागतो. इथं तीन जागा होत्या. अंगातली सूज दाखवणारा ईएसआर ५२, म्हणजे वाढलेला, हिमोग्लोबिन १०.२, प्लेटलेट वाढलेल्या. आरए फॅक्टर आणि एएनए या संधिवातासाठी रक्तात बघतात त्या दोन खुणा, दोन्ही निगेटिव्ह. रक्ताची काच नीट पाहून घेतली, कारण लहान मुलात ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोगही, कधीकधी सांधेदुखीचं सोंग घेऊन येतो. मॅन्टू, म्हणजे क्षयासाठी कातडीत टोचून करतात ती चाचणी, निगेटिव्ह, गुडघ्याच्या पाण्यात क्षय नाही.

सोळाव्या वाढदिवसाआधी सुरू झालेली, निदान सहा आठवडे टिकलेली आणि दुसरं कारण न सापडलेली सांध्याची सूज म्हणजे जुव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस, जेआयए. हे एकाच आजाराचं नाव नाही. २००४ साली छापलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत त्याचे सात गट आहेत, आणि पुढच्या आयुष्याचा अंदाज गटागणिक बदलतो. दोनतीन वर्षांच्या मुलीचा एकच गुडघा सुजतो, एएनए पॉझिटिव्ह असतो, तो गट वेगळा. त्यात डोळ्याच्या आत सूज येते ती मुकाट, डोळा लाल न होता, म्हणून दर तीन महिन्यांनी स्लिट लॅम्पवर, म्हणजे नेत्रतज्ज्ञांच्या दुर्बिणीवर, डोळे दाखवावे लागतात. बोटांच्या सांध्यांपासून सुरू होणारा, आरए फॅक्टर असलेला मोठ्या मुलींचा गट आणखी वेगळा. पैलवान बसत होता तो एन्थेसायटिसच्या गटात. सहा वर्षांवरची मुलं, बहुतेक मुलगे, कमरेखालचे सांधे, टाचा. आपल्या देशात हा गट भरपूर दिसतो.

या गटाच्या निकषांत एचएलए-बी२७ ही रक्तात तपासायची जनुकीय खूण आहे. ती तपासायला पाठवली आणि इथं माझी पहिली चूक झाली.

रिपोर्ट संध्याकाळी आला. ओपीडीत गर्दी होती. वडिलांचा फोन आला, मी म्हणालो, "बी२७ पॉझिटिव्ह आहे, पुढच्या आठवड्यात या, बोलू." त्या आठवड्यात भाच्यानं मोबाईलवर शोधून दिलं. वाकून जमिनीकडं बघत चालणाऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो, 'जनुकीय', 'बरा न होणारा'. पुढच्या भेटीला चौघं आली, सोबत आजी. आजीनं बसायच्या आत सांगितलं, "आमच्या खानदानात हे कुनाला न्हाय." ते बोलताना नजर कुणाकडं होती हे सांगायला नको. सून खाली बघत होती.

बी२७ म्हणजे काय ते त्या दिवशी कागदावर रेघा ओढून सांगितलं. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या दारात एक ताटली असते. पेशीच्या आत काय शिजतंय त्याचे तुकडे त्या ताटलीत मांडून ती पहारेकऱ्यांना दाखवते. ही ताटली म्हणजे एचएलए. तिचे नमुने शेकड्यांनी आहेत, सहाव्या गुणसूत्रावरून आईबापांकडून एकेक येतो. बी२७ हा त्यातला एक नमुना. १९७३ साली लंडन आणि लॉस एंजेलिसमधल्या दोन गटांनी वेगवेगळं काम करून दाखवलं की पाठीचा कणा आखडण्याच्या आजारात, म्हणजे अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये, हा नमुना फार मोठ्या प्रमाणात सापडतो. तो नेमका कसा आग लावतो यावर अजून वाद आहेत: चुकीचा तुकडा दाखवतो, की ताटलीच नीट घडत नाही, की आतड्यातल्या जंतूंशी काही संबंध आहे. ताटलीत मांडायच्या तुकड्यांना कात्री लावणारं ईआरएपी१ नावाचं जनुकही या गटात दोषी धरलं जातं.

पण उलट बाजू अशी, की बी२७ असलेल्या बहुतेक माणसांना आयुष्यभर काहीही होत नाही. ते तालमीत जातात, बाग करतात, म्हातारे होऊन मरतात, आणि आपल्याकडं असं काही होतं याचा त्यांना पत्ताही नसतो. दुखणं आधीपासून आहे अशा मुलात ही खूण सापडली तर तिला वजन येतं. ठणठणीत मुलात सापडली तर तिचं करायचं काय, हे मलाही सांगता येणार नाही.

मग आईनं विचारलं, "ल्येकीची पण तपासू का?" मुलगी चौदा वर्षांची, धडधाकट. मी नको म्हणालो. तिच्या टाचा, पाठ, डोळे दुखले तर आणा. नाहीतर त्या कागदाचा उपयोग पुढं फक्त लग्न जमवताना होईल, आणि तो कसा होईल हे आपल्याला ठाऊक आहे. यावर आई जे बोलली ते मला अपेक्षित नव्हतं. "मग माझी करा. कुनाकडनं आलं ते एकदा कळूं दे." सासूसमोर, शांतपणे.

मी तीही टाळली. पोराच्या औषधात तिनं काडीचा फरक पडणार नव्हता. पण आजवर मला खात्री नाही की मी बरोबर केलं. तिला औषध नको होतं, सुटका हवी होती.

सुटका केली ती नवऱ्यानं, आणि तीही नकळत. घराण्यातल्या दुखण्यांची यादी मी चौकटीपुरती विचारत होतो: सोरायसिस, जुलाब, डोळ्याचा आजार, कंबरदुखी. तो म्हणाला, "कंबर काय, माझी हायेच की. पाठीवरच्या पंपानं." किती वर्षं? "बारातेरा." कधी जास्त? "रात्री. पहाटं. बागेत गेलं की मोकळी हुती. पाऊस आला आन् घरी बसलं की धरतीया." डोळे? "दरसाल एक डोळा येतो. मेडिकलमधनं थेंब आणतो."

वय अडतीस. मी त्याला उभं करून खाली वाकायला सांगितलं. हात गुडघ्याच्या खाली जाईनात. भिंतीला टाचा लावून उभं केलं तर डोकं भिंतीला टेकेना. श्रमाची कंबर श्रमानं दुखते आणि विश्रांतीनं बरी वाटते. सुजेच्या कंबरेचं याच्या अगदी उलट असतं. द्राक्षबागेत पंप, डिपिंग, छाटणी यांत सगळ्यांचीच पाठ दुखते, म्हणून ही एक पाठ वेगळी आहे हे तेरा वर्षं कुणाला दिसलं नाही. कटिभागाचा एक्स-रे काढला: कमरेमागं खळग्यांखाली जो सांधा असतो, ज्याला आम्ही एसआय म्हणतो, तो डावीकडं जवळजवळ भरून गेलेला, उजवीकडं झिजलेला. त्याची बी२७ तपासणी केली नाही. या एक्स-रेनंतर तिला काही अर्थ नव्हता.

फिल्म बघून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हंजी माझीच पाठ आली की पोराकडं." आजी त्यानंतर दोनतीन भेटींना आली नाही.

हे तुलनेला सोपं वाटतं, की बाप म्हणजे पोराचं भविष्य. तसं नाही. बापाला औषधच मिळालं नव्हतं. पण आईच्या डोक्यात ते चित्र बसलं ते बसलंच, आणि खरं सांगायचं तर पुढच्या सात वर्षांत औषध चुकू नये यासाठी माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा त्या चित्रानंच जास्त काम केलं.

उपचार सुरू झाले. नॅप्रोक्सेन ही सुजेची गोळी जेवणानंतर, आजार आवरणारं सल्फासलाझिन, गुडघ्यात स्टेरॉइडचं एक इंजेक्शन. तालीम बंद करायची का? मी म्हणालो मानेवर पूल घालणं आणि पट काढणं सध्या नको, बाकी हालचाल हवीच. दिवाळीपर्यंत गुडघा सपाट झाला, टाच टेकू लागली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरात सांगलीच पाण्यात गेली, माझा दवाखाना तीन आठवडे बंद. तेव्हाही त्याचं बरं चाललं होतं. मग लॉकडाऊन आलं. गोळ्या संपल्या, गावात मिळेनात, पोरगं बरंच होतं, म्हणून थांबल्या.

जुलै २०२० मध्ये रात्री आठला आईचा फोन. "त्येचा उजवा डोळा लाल झालाय, उजेड सोसंना. तुमी सांगितलं हुतं म्हनून थेंब घातलं न्हाईत." बी२७ वाल्या मुलांत डोळ्याची सूज येते ती अशी गाजत, दुखत, लालभडक, म्हणजे लहान मुलींच्या त्या मुकाट सुजेच्या उलट. ही खूण तपासल्याचा पहिला रोकडा फायदा मला त्या रात्री दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी मिरजेत नेत्रतज्ज्ञांनी स्लिट लॅम्पवर पाहिलं, थेंब सुरू झाले, बाहुली चिकटली नाही, नजर शाबूत राहिली. बाप त्या दिवशी स्वतःचे डोळेही दाखवून आला. त्याची एक बाहुली वाकडी होऊन कधीच चिकटली होती.

माझी दुसरी चूक यानंतरची. डिसेंबरमध्ये पैलवान दाखवायला आला तेव्हा म्हणाला, ढुंगणात दुखतं, कधी डावीकडं, कधी उजवीकडं. मी गुडघे पाहिले, टाचा पाहिल्या, सगळं छान. एसआयचा एक्स-रे काढला, तो नॉर्मल आला, आणि मी निश्चिंत झालो. वाढत्या वयातल्या मुलात त्या सांध्याच्या कडा मुळातच ओबडधोबड दिसतात आणि खरी सूज एक्स-रेवर उमटायला वर्षं लागतात, हे पुस्तकात मी वाचलेलं होतं. पोट्ट्याच्या बापाची फिल्म माझ्याच दवाखान्यात होती. तरी अडीच महिने गेले. मार्च २०२१ मध्ये मिरजेत एमआरआय केला: दोन्ही एसआय सांध्यांच्या हाडात पाणी, म्हणजे चालू सूज.

इथं औषधाचा हिशोब बदलतो. सल्फासलाझिन गुडघ्याला, घोट्याला उपयोगी. कण्याकडच्या सांध्याला फारसं नाही. मेथोट्रेक्सेटही तिथं एकटं पुरत नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत एसआयच्या सुजेसाठी नुसत्या मेथोट्रेक्सेटच्या विरोधात स्पष्ट लिहिलंय, आणि सुजेच्या गोळ्या पुरल्या नाहीत तर टीएनएफ, म्हणजे शरीरात सूज पेटवणारा एक रेणू, रोखणारं औषध जोडा असं म्हटलंय. पुण्यातल्या बालसंधिवाततज्ज्ञांचंही तेच मत पडलं. त्या औषधांत दोन पर्याय होते. डोळ्याचा इतिहास असल्यानं अडालिमुमॅब घेतलं, कारण डोळ्याच्या सुजेवर ते एटानरसेप्टपेक्षा भरवशाचं आहे.

पण सुई टोचण्याआधी क्षय. आजोबांना २०१९ मध्ये फुप्फुसाचा क्षय झालेला, सहा महिने औषध घेऊन बरे झालेले, घर एकच. या वेळी पोराचा मॅन्टू १४ मिलिमीटर आला, छातीचा एक्स-रे स्वच्छ. टीएनएफ अडवला की शरीरात दडून बसलेला क्षय मोकाट सुटू शकतो. आयएनएच हे क्षयाचं औषध सहा महिने ठरलं, आणि त्यातला पहिला महिना उलटल्यावर अडालिमुमॅब. आईला हे पटेना: दुखणाऱ्या पोराला महिनाभर थांबवायचं? थांबवलं.

पैशाचं बोलायलाच हवं. भारतात अडालिमुमॅबची देशी आवृत्ती २०१४ पासून आहे, मूळ ब्रँडपेक्षा बरीच स्वस्त, पण दर पंधरवड्याला एक इंजेक्शन हे बागायतदाराच्या घरालाही जड. त्यांचा पैसा वर्षातून एकदा येतो, बेदाणा विकला की. त्या साली बापानं बेदाणा शीतगृहात भाव वाढेपर्यंत न ठेवता एप्रिलमध्येच तासगावच्या सौद्याला काढला. इंजेक्शन दोन ते आठ अंश तापमानात ठेवायचं. गावात वीज जाते. आईनं थर्मासमध्ये बर्फाच्या पिशव्यांची अशी काही व्यवस्था लावली की आमच्या फार्मासिस्टनं येऊन बघितली.

तिसऱ्या इंजेक्शननंतर पैलवान सकाळी भिंत न धरता मोरीत गेला.

आता दूरचं. आईबाप विचारतात, 'हे कधी जाईल?' याचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर मला उत्तर युरोपातून मिळतं. डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे, स्वीडन इथं १९९७ ते २००० दरम्यान आजार सुरू झालेल्या मुलांचा एक गट आठ वर्षं पाहिला गेला. २०११ साली छापलेल्या निष्कर्षांत साधारण ४२ टक्के मुलं औषधाविना शांत होती, ९ टक्के औषधावर शांत, आणि उरलेल्या जवळपास निम्म्यांचा आजार शांत म्हणता येत नव्हता. 'औषधाविना शांत' म्हणजे औषध थांबवून बारा महिने काही नाही. त्याच गटावरच्या २०१३ च्या लेखात बी२७ असलेल्या मुलांचा आजार जास्त चिवट निघाला, आणि मुलग्यांत एसआयच्या सुजेशी त्याचा संबंध दिसला. ती मुलं अडालिमुमॅबसारखी जैविक औषधं रुळायच्या आधीच्या काळातली, आणि आपली मुलं उशिरा पोचतात. म्हणून हे आकडे मी जसेच्या तसे कुणाला चिकटवत नाही. पण 'वय वाढलं की जाईल' असं बी२७ वाल्या मुलाच्या आईला मी आता सांगत नाही. पूर्वी सांगायचो.

बाकीच्या जनुकीय खुणांचंही असंच. डीआरबी१ च्या ०८ आणि ११ या जाती लहान मुलींच्या गटाशी जोडलेल्या, ०४ आरए फॅक्टरवाल्या गटाशी, पीटीपीएन२२ अनेक आजारांत थोडाथोडा हात घालणारं. संशोधनात यांचं मोल आहे. सांगलीच्या ओपीडीत या तपासण्यांवर औषध बदलत नाही, म्हणून मी त्या लिहीत नाही, पॅकेजमध्ये स्वस्त मिळत असल्या तरी. बी२७ देखील शक्यतो पीसीआर पद्धतीनं करा. दुसऱ्या पद्धतीत बी७ हा जवळचा नमुना कधीकधी बी२७ म्हणून नोंदला जातो, आणि मग एका घरात फुकटचा आठवडा आमच्या पैलवानाच्या घरासारखा जातो.

२०२३ पर्यंत दोन वर्षं सगळं शांत होतं. एमआरआय स्वच्छ. इंजेक्शनातलं अंतर तीन आठवडे केलं, मग चार, मग थांबवलं. पाच महिन्यांनी, छाटणीच्या ऐन धांदलीत, पहाटेची कंबर परत आली. मला वाईट वाटलं. पोराला फारसं नाही. "थांबवून बघायचं हुतं तेवढं बघितलं," म्हणाला. पुन्हा सुरू केलं, सहा आठवड्यांत उतरलं. परत थांबवायचा प्रयत्न करायचा का यावर पुण्याचे तज्ज्ञ आणि मी यांचं एकमत नाही. मी घाई करणार नाही.

आज तो अठराचा. खुब्याचे दोन्ही सांधे शाबूत आहेत. या गटात खुबा गेला की पुढचं सगळं बिघडतं, म्हणून दर भेटीला आधी तेच फिरवून बघतो. वाकल्यावर बोटं जमिनीला लागतात. उंची बापापेक्षा चार बोटं जास्त. बापानंही औषध सुरू केलंय. त्याचा भरलेला सांधा सुटणार नाही, पण रात्रीची झोप लागते असं म्हणतो.

कुस्ती सुटली. पैलवान आता पोलीस भरतीच्या पोरांबरोबर पहाटे पळतो. मागच्या महिन्यात आला तो दोन प्रश्न घेऊन: भरतीच्या वैद्यकीय फॉर्मात हे लिहायचं का, आणि पुढच्या डॉक्टरांकडं कधी जायचं. पहिल्याला मी म्हणालो, विचारलंय ते खरं लिहायचं; निवड काय होईल ते माझ्या हातात नाही. दुसऱ्यासाठी मोठ्यांच्या संधिवाततज्ज्ञांना चिठ्ठी लिहिली, सोबत बापाची २०१८ ची फिल्मही जोडली. मग विचारलं, सोळाशे मीटरला किती लागतात? त्यानं वेळ सांगितली आणि म्हणाला, इंजेक्शनच्या आदल्या दोन दिवसांत दहा-बारा सेकंद जास्त लागतात. आईनं पिशवीतून दिनदर्शिका काढली. तिच्यावर पंधरवड्याच्या खुणांशेजारी रोजचे सेकंद पेन्सिलीनं लिहिलेले होते.